चीज चाखताना चेहरा सांभाळा

डिसेंबर लागला की मांडवा-किहीमकडच्या वाड्यांमध्ये गायी-म्हशींपेक्षा चीजची चर्चा जास्त होते. भाचीने तुम्हाला अशा एखाद्या 'टेस्टिंग'ला न्यायचं ठरवलं असेल तर जा, पैसे तिनेच भरलेत. फक्त घरून भात-आमटी जेवून निघा. तिथे जेवण नसतं, अनुभव असतो.

समोर एक लाकडी फळी येईल. तिच्यावर चीजचे तुकडे, मांसाचे दुमडलेले पातळ काप, चार द्राक्षं, मधाची वाटी आणि करंगळीएवढ्या काकड्यांचं लोणचं. लगेच हात घालू नका. गार चीजला चव लागत नाही म्हणून ते तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांच्या देशात हवा बरी असते. आपल्याकडच्या दमट दुपारी तासाभरात ब्री नावाचं मऊ चीज फळी सोडून निघायच्या बेतात असतं. अशा वेळी 'वितळलं' म्हणायचं नाही, 'छान पिकलंय' म्हणायचं.

चाखायचं ते सौम्यापासून उग्राकडे. ब्रीची पांढरी साल खायची, गौडा चीजवरचं मेणाचं आवरण खायचं नाही. हे कुणी सांगेलच असं नाही, तेव्हा शेजारच्याकडे बघून खा. तोही तुमच्याकडेच बघून खात असतो, त्यामुळे कधीकधी दोघांच्याही पोटात मेण जातं.

खरी परीक्षा रोकफोरला. हे मेंढीच्या दुधाचं, दक्षिण फ्रान्समधल्या गुहांत मुरवलेलं, आणि 1925 पासून त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आतल्या निळ्या-हिरव्या रेघा म्हणजे बुरशी. पावावर हिरवा ठिपका दिसला तर अख्खी लादी कोंबड्यांना टाकणारे तुम्ही, पण ही बुरशी घराण्यातली आहे. वास घ्या, डोळे मिटा आणि 'अक्रोड' म्हणा. सोड्यांच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटेल, आणि तुमचं नाक बरोबरच असेल, पण नाकाचं ऐकायला आपण इथे आलेलो नाही.

मग प्रोशुत्तो. डुकराचा मागचा पाय, त्याला मीठ, आणि मग वर्षभराहून जास्त काळ टांगून ठेवणं. इटलीतल्या पार्माचा असेल तर मिठाशिवाय दुसरं काही घालतच नाहीत. मार्गदर्शक "मीठ, वारा आणि संयम" असं हळू आवाजात म्हणेल, तेव्हा मान डोलवा. कुंपणापलीकडे कोळणींनी दांड्यांवर बोंबील वाळत घातलेत. त्यांना तर मीठही लागत नाही, नुसतं ऊन आणि वारा. पण त्याच वासापायी सकाळी दोन पाहुण्यांनी खोली बदलून मागितली होती. तो विषय काढू नका. वाऱ्यालाही पासपोर्ट लागतो.

आणखी एका ठिकाणी जीभ आवरा. हॅमची फळी आली की खुर्ची मागे सरकवणाऱ्या मावशी पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजचा तिसरा तुकडा उचलत असतील. त्याचं दूध विरजताना वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, हे आता तुम्हाला कळलंय. सांगू नका. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर मुळीच सांगू नका.

शेवटी मार्गदर्शक एकेकाला "काय जाणवलं?" विचारत येतो. 'खारट आहे' हे उत्तर बरोबर असलं तरी चालत नाही. 'मागाहून चव रेंगाळते' म्हणा. ते कशालाही चालतं, प्रोशुत्तोला, रोकफोरला आणि पोटात गेलेल्या मेणालाही.

भाची विचारेल, "मामा, सगळ्यात जास्त काय आवडलं?" काकडीचं लोणचं, हे खरं उत्तर गिळा आणि फळीवरच्या सगळ्यात कमी उरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवा. बाकीचं बांधून मिळेल का, हे मात्र बेधडक विचारा. भाची लगेच मोबाइलमध्ये तोंड घालेल, मावशी रागाने बघतील, आणि मग हळूच म्हणतील, "विचारताच आहात तर माझंही विचारा हो."