पायमोज्यात पँट खोचणारा माणूस

गेल्या मार्चमध्ये काजूच्या हंगामाला गावी, दोडामार्गला गेलो होतो. बागेत निघताना पांढरी फुल पँट घातली आणि तिची टोकं पायमोज्यांत खोचली. काकू पडवीतूनच ओरडली, "क्रिकेट खेळूक चल्लंस काय रे?"

हसा. त्याआधीच्या वर्षी बर्म्युडावर गेलो होतो आणि पुण्यात परत येऊन गोचिडीच्या चाव्यांनी तीन आठवडे खाजवत होतो. मोज्याच्या इलास्टिकपाशी, गुडघ्यामागच्या लवणीत, कमरेच्या नाडीखाली. मीटिंगमध्ये कंबर खाजवणं किती अवघड असतं ते मला विचारा.

काजूची बी झाडावरून काढत नाहीत, खाली पडलेल्या बोंडूची, म्हणजे काजूफळाची, वेचतात. म्हणजे दिवसभर वाकून हात सुक्या पानांच्या पातेऱ्यात. आणि गोचिडीची पिल्लं नेमकी त्या पातेऱ्यातच, खसखशीच्या दाण्याएवढी. काळ्या पँटवर ती दिसतही नाहीत, म्हणून पांढरी. मोज्यात खोचलेली असली की त्यांना कापडावरून वर चढावं लागतं आणि तेवढ्यात झटकता येतात.

आमच्याकडे हा नुसता खाजेचा प्रश्न नाही. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आधी माकडं मरून पडली, मग माणसं तापली. माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा आजार गोचिडीतूनच येतो. गोचिडी दूर ठेवायला जंगलात जाण्याआधी अंगाला लावायचं डीएमपी तेल २०१६ पासून आमच्याकडे सगळ्यांना माहीत झालं. पण ते घरातून निघताना एकदा चोपडलं की झालं, असा समज आहे. घामाने ते जातं हो! दुपारी जेवायला बसाल तेव्हा पुन्हा लावा. सनस्क्रीन लावत असाल तर आधी ते, मग हे.

आता माझं मत, राग आला तर येऊ दे. गवती चहाचा रस, कडुनिंब, करंजेल हे सगळं मी लावून पाहिलंय. वास छान येतो. तासाभरात वास गेला की गुणही गेला. आणि चावल्यावर चुना, हळद, टूथपेस्ट शोधत बसणारे आपण आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला का लाजतो, हे मला कळलेलं नाही.

घरी आल्यावर आधी चहा नाही, आधी आंघोळ. कपडे थेट गरम पाण्यात. काखा, जांघा, कानामागे हात फिरवून बघायचं. गोचीड चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतू नका, काडी लावू नका.

डासांचं त्यामानाने सोपं. संध्याकाळी अंगणात बसताना टेबलफॅन पायांकडे वळवून ठेवा, वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही.

काका मात्र अजून हाफ पँटवर आणि अनवाणीच बागेत जातात. त्यांना म्हणे गोचीड चावतच नाही. रात्री पडवीत बसून नारळाच्या हिराने पाय कराकरा खाजवत हेच सांगत असतात.