कुऱ्हाड बादलीत बुडवू नका

'आजोबांची कुऱ्हाड भंगारात देऊ नका! सात घरगुती उपाय, नव्यासारखी करा' असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. मी तो न वाचताच पुसून टाकत होतो. मग मुलुंडच्या काकांचा फोन आला. गावच्या घरातून आणलेली कुऱ्हाड त्यांनी रात्रीच मोरीत बादलीत उलटी बुडवून ठेवली होती, आणि सकाळी गॅसचा प्रयोग करायचा बेत होता. काकूंनी शेगडी द्यायला नकार दिला म्हणून वाचलं सगळं. तेव्हा आता हा मेसेज एकदा नीट वाचूच.

सुरुवात अशी: 'जुन्या कुऱ्हाडी दिल्लीच्या लोहस्तंभाच्याच लोखंडाच्या असत, त्या गंजत नाहीत.' आणि पुढच्याच ओळीत गंज काढायची कृती! अहो, गंजत नाहीत तर काढताय काय? दिल्लीतल्या मेहरौलीचा हा स्तंभ सुमारे १६०० वर्षं उभा आहे, हे खरं. तो का टिकला, याचा अभ्यास आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे, सुमारे पाव टक्का, आणि त्यामुळे पृष्ठभागावर गंजाला अडवणारा पातळ थर धरतो. पण ते मऊ, घडीव लोखंड आहे. त्याची कुऱ्हाड केलीत तर दोन घावांत धार मुडपेल. धारेला कार्बनचं पोलाद लागतं, आणि ते मुंबईच्या पावसाळ्यात उघडं ठेवलं की हमखास गंजतं. जुन्या लोहारकामात पुष्कळदा अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरतं पोलाद तापवून जोडलेलं असे. जुनं पातं जपायचं ते या पोलादासाठी, स्तंभाशी नातं आहे म्हणून नव्हे.

दुसरा उपाय व्हिनेगरचा. हा चालतो, मान्य करावं लागेल. दांडा काढून नुसतं पातं दिवसभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की गंज सुटतो आणि तारेच्या ब्रशने निघतो. पण नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच कोरडं करायचं आणि तेलाचा हात फिरवायचा, हे मेसेजवाल्याने गाळलंय. तेवढं केलं नाही तर पातं बघता बघता पुन्हा नारिंगी होतं. 'लवकर हवं असल्यास संडासचं ॲसिड' हा त्याचा पुढचा सल्ला तर वाचलाच नाही असं समजा.

आता बादली. 'दांडा सैल झालाय? रात्रभर पाण्यात बुडवा, आयुष्यभर घट्ट.' सात उपायांत हाच सगळ्यांत घातक, कारण सकाळी तो खरा वाटतो. काकांनाही वाटला. पातं अजिबात हलत नव्हतं.

घडतं काय ते सांगतो. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पण दांड्याचं टोक पात्याच्या भोकात अडकलेलं. चारी बाजूंनी लोखंड, फुगायला जागा नाही. मग लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात. पुढे लाकूड वाळतं तेव्हा चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत, आणि टोक पहिल्यापेक्षाही बारीक होतं. पुन्हा बुडवलं की पुन्हा चेपणार. प्रत्येक वेळी दांडा थोडा अधिक सैल, वर भोकात ओल राहून आतून गंज आणि लाकडाला कूज. यात माझं मत काही नाही. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसन इथे १९१० पासून लाकडाची प्रयोगशाळा आहे. तिचं 'वुड हँडबुक' १९३५ मध्ये पहिल्यांदा निघालं, नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि ते फुकट वाचायला मिळतं. त्यात स्वच्छ दिलंय की लाकूड सुमारे ३० टक्के ओलाव्यापर्यंत फुगत जातं आणि त्याखाली वाळलं की आकसतं. आडवं बरंच, लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे भोकातली घट्ट पकड ज्या आडव्या मापावर अवलंबून, तेच माप सगळ्यांत जास्त हलतं.

मुंबईत तर बादलीचीही गरज नाही. जुलैच्या दमट हवेत दांडा आपोआप फुगतो आणि डिसेंबर-जानेवारीत आकसतो. पावसाळ्यात घट्ट वाटलेली कुऱ्हाड थंडीत तपासल्याशिवाय उचलू नये. किलोभराचं पातं घावाच्या ऐन वेगात निसटलं तर ते कुठे जाईल, हे उचलणाऱ्याच्या हातात नसतं.

'पण आमच्या गावी भिजवतातच की!' भिजवतात. टिकाव किंवा कुऱ्हाड कामाच्या सकाळी ओली करून दुपारपर्यंत काम उरकतात. तो त्या दिवसापुरता जुगाड असतो आणि करणाऱ्याला ते ठाऊक असतं. 'आयुष्यभर' हा शब्द मेसेजवाल्याचा.

खरा उपाय पाचरीचा आहे. जुना दांडा पात्याखाली करवतीने कापायचा, भोकात उरलेलं लाकूड ड्रिलने पोखरून ठोकून काढायचं. जाळून काढायचं नाही. नवा दांडा चांगला वाळलेला हवा. त्याचं टोक कानशीने थोडं थोडं उतरवत भोकात बसवायचं, वरच्या टोकाला करवतीने चीर द्यायची. मग पातं खाली लोंबतं ठेवून दांडा हातात धरायचा आणि दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी हातोडा मारायचा. पातं आपल्या वजनाने जागीच राहतं आणि दांडा त्यात उतरत जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादू वाटते. शेवटी चिरेत कडक लाकडाची पाचर ठोकायची.

चौथा उपाय, पातं गॅसवर लाल करून थंड पाण्यात टाकायचं. लोहार पाणी पाजतो ते पाहून कुणीतरी अर्धंच उचललंय. लोहार पाणी दिल्यावर पोलादाला पुन्हा बेताची ऊब देतो, साधारण २०० ते ३०० अंश, आणि रंग पाहून थांबतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. ही दुसरी ऊब नसेल तर धार काचेसारखी ठिसूळ राहते आणि तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. घरच्या शेगडीवर बहुतेक वेळा जाड पातं पुरेसं तापतच नाही. पातळ धार तेवढी तापते आणि होती ती कडकी घालवून बसते. दांडा जाळून काढू नका म्हटलं ते याचसाठी.

पाचवा, धारेसाठी ग्राइंडर. तेच दुखणं. कोरड्या चाकावर धार क्षणात निळी पडते, आणि निळी पडली की तेवढी मऊ झाली. नागदेवी स्ट्रीटवर चांगली कानस मिळते, मूठ बसवून घ्या, शेवटचा हात पाण्याने ओल्या केलेल्या धारेच्या दगडावर.

सहावा, 'सागाचा दांडा कधी मोडत नाही'. साग दारं-खिडक्यांना उत्तम, कारण तो कमी हलतो आणि कमी कुजतो. हादरे सोसायला धामण नावाच्या झाडाचं लाकूड घ्या, नाहीतर बाभळीचं. आणि लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेल्यात ना ते पाहा. बाजूला निसटणाऱ्या असतील तर दांडा तिथेच फाटतो.

सातवा मात्र हसण्यावारी नेऊ नका: 'अळशीच्या तेलाचं फडकं गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवा.' दांड्याला अळशीचं तेल योग्यच. पण ते हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. माळ्यावर, जुन्या गाद्या आणि रद्दीशेजारी! फडकं एकेरी पसरून उघड्यावर वाळू द्या, किंवा भिजवून मगच कचऱ्यात टाका.

तळाशी ताजा कलम आहे: 'आता सोसायटीतलं झाड स्वतःच छाटा, पैसे वाचवा.' महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांचा कायदा आहे आणि मुंबईत झाड तोडायला किंवा छाटायला पालिकेची परवानगी लागते. फांदी धोक्याची वाटत असेल तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज द्या.