‘नंतर कन्व्हर्ट करता येईल’ म्हणणाऱ्या आमच्या दादासाठी

आमचा मामेभाऊ सांगलीत वकिली करतो आणि फॅमिली ग्रुपवर निकाल देतो. गेल्या आठवड्यात कुणीतरी समलिंगी लग्नाबद्दलचा जुना व्हिडिओ टाकला, त्यावर दोन मावश्यांचे हात जोडलेले इमोजी आले, मामांनी ‘कलियुग’ लिहिलं, आणि मग दादाने भलामोठा मेसेज टाकला. सारांश असा, की सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला नाही म्हटलं ते योग्यच, पण सरकारने मधला मार्ग काढावा, सिव्हिल युनियन द्यावं, हक्क सगळे द्यावेत फक्त लग्न म्हणू नये, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत. शेवटचं वाक्य असं होतं: ‘इंग्लंडने हेच केलं, आधी पार्टनरशिप दिली, नंतर लग्नात कन्व्हर्ट करता येतंच की, काय मोठंसं.’

काय मोठंसं. मी तेव्हा इथे इंग्लंडात, टेस्को या सुपरमार्केटच्या सेल्फ चेकआउटला उभी होते, मशीन ‘अनएक्स्पेक्टेड आयटम’ म्हणून ओरडत होतं आणि मी एका अंगठ्याने दादाला उत्तर टाइप करत होते. पाठवलं नाही, कारण ग्रुपवर आई आहे. म्हणून इथे लिहिते.

दादा बाकी माणूस चांगला आहे हो. तिकडच्या मानाने पुरोगामीच म्हणायचा. ‘तिकडच्या मानाने’ हे लिहिताना मला माझाच राग आला, पण राहू दे. माझा आक्षेप त्या ‘नंतर’ला आहे. इंग्लंडचं नाव घेऊन तिकडे जो तो हवं ते सिद्ध करतो, पण इथे त्या ‘नंतर’चं काय झालं ते कुणी बघत नाही.

इथे सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा २००४ चा, लागू झाला डिसेंबर २००५ मध्ये. तेव्हाही दादासारखेच शहाणे लोक होते, हक्क जवळपास सगळे देऊ, लग्न म्हणायचं नाही. बरं झालं का? अर्ध्या लोकांचं झालं. पण ज्यांचं आधीच लग्न झालेलं होतं आणि दोघांपैकी एक जण ट्रान्स होता त्यांचं काय झालं माहितीये? त्या व्यक्तीला आपलं लिंग कायद्याने पूर्णपणे मान्य करून हवं असेल तर आधी लग्न मोडावं लागायचं. चांगला चाललेला, पोराबाळांचा संसार, कोर्टात जाऊन रद्द करायचा आणि मग त्याच माणसाबरोबर पार्टनरशिप करायची, कारण कायद्याने आता ते दोघं ‘त्या’ खोलीत बसत नाहीत, ‘ह्या’ खोलीत बसतात. थेट दार नव्हतं. मधला मार्ग काढला की हे होतं, दोन खोल्या होतात आणि माणसं काही एका जागी बसून राहत नाहीत.

मग २०१३ चा कायदा आला, मार्च २०१४ मध्ये पहिली लग्नं लागली, आणि आधीच्या पार्टनरशिपवाल्यांना कन्व्हर्ट करायची सोय मिळाली ती १० डिसेंबर २०१४ पासून. म्हणजे नऊ वर्षं. दादा, तुझ्या ‘नंतर’ची लांबी एका सुधारलेल्या, पैसेवाल्या, छोट्याशा देशात नऊ वर्षं आहे. आपल्याकडे साधा सातबारा दुरुस्त करायला किती लागतात ते तू वकील आहेस, तूच सांग.

पण सोय केली ती नीट केली हेही सांगते, नाहीतर म्हणशील मी फक्त नावं ठेवते. २८ दिवसांची नोटीस नाही, साक्षीदार नाहीत, ऑफिसात जायचं, दोघांनी सही करायची, फी तेव्हा पंचेचाळीस पौंड आणि जुन्या जोडप्यांना पहिलं वर्षभर तीही माफ. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लग्न मागच्या तारखेपासून धरतात. आमच्या शेजारचे दोघे, सत्तरी ओलांडलेले, बिन डेला आमचाही कचऱ्याचा डबा बाहेर काढून ठेवतात, त्यांची पार्टनरशिप २००६ ची आणि सही केली २०१५ मध्ये, पण कायद्याच्या लेखी ते २००६ पासूनच नवरा-नवरा. तरी ते कुरकुरतातच. म्हणतात लायब्ररीत पत्ता बदलल्यासारखं वाटलं, आणि मुळात आम्ही पहिल्या दिवशी लग्नच मागितलं होतं, तुम्ही अर्धवट दिलंत आणि मग उरलेलं घ्यायला परत रांगेत उभं केलंत.

आता गंमत पुढे आहे, आणि ती माझी आहे. समलिंगी लोकांना दोन्ही पर्याय मिळाले तेव्हा स्त्री-पुरुष जोडप्यांना एकच उरला, लग्न. लंडनच्या रेबेका स्टाइनफेल्ड आणि चार्ल्स कायडन या जोडप्याला लग्न नको होतं, पार्टनरशिप हवी होती, कारण त्यांना लग्नसंस्थेचा इतिहासच पटत नव्हता. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि जून २०१८ मध्ये जिंकले, पाचही न्यायाधीश एकमताने. ३१ डिसेंबर २०१९ पासून इंग्लंड-वेल्समध्ये स्त्री-पुरुषांना पार्टनरशिप मिळायला लागली. ही बातमी आपल्याकडे ‘गोऱ्यांची थेरं’ या सदराखाली फिरली होती, मामांनीच टाकली होती बहुतेक.

मी आणि टॉमने २०२० मध्ये, कोविडच्या पंधरा माणसांच्या काळात, तीच केली. लग्न नाही, सिव्हिल पार्टनरशिप.

का, याचं उत्तर तिकडे कुणाला धड दिलेलं नाही. ग्रुपवर ‘टॉम आणि मी रजिस्टर झालो’ एवढंच लिहिलं होतं, त्यावर लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. कारण खरं तर साधं होतं. लग्नात ठरलेली वाक्यं म्हणावीच लागतात, पार्टनरशिपला एक शब्द बोलावा लागत नाही, दुसरी सही झाली की झालं. आणि तेव्हा लग्नाच्या दाखल्यावर फक्त बापाचं नाव आणि धंदा लिहायचे, १८३७ पासून तेच चालू होतं! पार्टनरशिपच्या कागदावर पहिल्यापासून आई-वडील दोघं. मला माझ्या आईने वाढवलंय, वडिलांना जाऊन खूप वर्षं झाली, तिने शाळेत नोकरी करून आमचं सगळं केलं, आणि माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कागदावर तिचं नाव नाही हे मला सहन होणार नव्हतं. पुढे मे २०२१ मध्ये त्यांनी ते बदललं, आता लग्नाच्या दाखल्यावरही आईचं नाव येतं. थोडं थांबलो असतो तर, असं टॉम म्हणतो. मी नाही म्हणत.

(आणि हो, महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं तेव्हा मला इतका अभिमान वाटला की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईच्या नावामागे नवऱ्याचंच नाव राहणार हे कलम होतं, ते नाही सांगितलं कुणाला.)

तर आता मुद्दा. आम्हाला टॉमचं ओसीआय, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात येण्याजाण्याचं कार्ड, करायचंय. दर खेपेला ई-व्हिसा भरायचा कंटाळा आलाय आणि आई आता थकली, वर्षातून दोनदा तरी जावं लागतं. माझं ओसीआय आहे, तर जोडीदार म्हणून त्यालाही मिळू शकतं, पण नियम म्हणतो लग्न हवं, रजिस्टर झालेलं आणि दोन वर्षं टिकलेलं. काउंटरवरच्या मुलीने आमचा कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि म्हणाली, मॅम, मॅरेज सर्टिफिकेट? मी म्हटलं हेच. ती म्हणाली हे नाही.

ठीक आहे म्हटलं, कन्व्हर्ट करू. दादाच्या भाषेत काय मोठंसं. आणि तेव्हा कळलं की कन्व्हर्शन आमच्यासाठी नाहीच. इंग्लंड-वेल्समध्ये पार्टनरशिपचं लग्न फक्त समलिंगी जोडप्यांना करता येतं. स्त्री-पुरुषांना पार्टनरशिपमधून लग्नात जाता येत नाही आणि लग्नातून पार्टनरशिपमध्येही येता येत नाही. २०१९ मध्ये सरकारने यावर लोकांची मतं मागवली होती, गाडी अजून तिथेच उभी आहे. हेच आम्ही थोडं थांबून, जून २०२१ नंतर, स्कॉटलंडमध्ये नोंदवलं असतं तर जमलं असतं, उत्तर आयर्लंडमध्येही जमलं असतं, तिथे तर काही वर्षं लग्नाची पार्टनरशिप करायचीही मुभा होती. एकच राजा, एकच पासपोर्ट, आणि कुठल्या ऑफिसात सही केली यावर तुमची सुटका.

मग इथला रस्ता काय? आधी पार्टनरशिप मोडायची. फी सहाशे पौंडांच्या घरात, अर्जापासून वीस आठवडे थांबायचं, मग वर सहा आठवडे, मग नोटीस देऊन लग्न करायचं, आणि ओसीआयची दोन वर्षं तिथून पुढे मोजायची. आणि मोडताना लिहून द्यायचं की नातं आता सावरण्यापलीकडे तुटलंय. आम्ही दोघं संध्याकाळी टीव्हीसमोर वरण-भात खाताना हा फॉर्म वाचत होतो. टॉम म्हणाला, खोटं लिहायचं का? त्याला लोणचं वाढलं आणि विषय बदलला.

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, अगं सोपंय, इकडे ये, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करून टाक, आपल्या कायद्यात तू अविवाहितच आहेस. किती आनंदाने म्हणाला! मी म्हटलं, दादा, इथल्या कायद्यात आधीच कुणाचा सिव्हिल पार्टनर असलेल्याने केलेलं लग्न रद्दबातल धरतात, म्हणजे सांगलीत मी टॉमची बायको होईन आणि विमान हीथ्रोला उतरलं की नसेन. तो म्हणाला, मग राहू दे. वकील आहे तो.

आणि याच दादाने ‘आपल्याकडे कन्व्हर्शन वगैरे भानगडच नाही’ असंही ऐकवलं. आहे की रे! १९५४ पासून आहे. स्पेशल मॅरेज ॲक्टचं कलम १५ वाच. धार्मिक पद्धतीने लागलेलं लग्न त्या कायद्याखाली नोंदवता येतं, तीस दिवसांची जाहीर नोटीस लावून. फक्त इथल्यासारखं मागच्या तारखेने नाही, नोंद झाली त्या दिवसापासून ते त्या कायद्याचं लग्न, मुलं मात्र पहिल्यापासून औरस. केरळात कासरगोडला शुक्कूर आणि शीना या मुस्लिम जोडप्याने लग्नाला जवळपास तीस वर्षं झाल्यावर, मार्च २०२३ मध्ये, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली परत लग्न केलं, कारण तीन मुलीच आहेत आणि घर-जमीन पूर्ण त्यांनाच मिळावी, नाहीतर मुस्लिम वारसा कायद्याने काही वाटा नातेवाइकांकडे गेला असता. त्यांच्यावर केवढी टीका झाली. मला ते दोघं इथल्या कुठल्याही केसपेक्षा जवळचे वाटतात. कायद्याची खोली बदलावी लागते ती हौस म्हणून नाही, कुणीतरी मागे राहू नये म्हणून.

हे सगळं मी दादाला ऐकवते तेव्हा माझा सूर कसा लागतो ते मला ऐकू येतं. ‘आमच्याकडे असं असतं’ असा. आमच्याकडे! ज्यांनी मला माझ्याच पार्टनरशिपमधून बाहेर पडायचं दार ठेवलं नाही ते आमचे, आणि जिथे मी कागदोपत्री अजून कुमारी आहे तेही आमचेच.

तिकडे उत्तराखंडने जानेवारी २०२५ मध्ये लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली तेव्हा मामांनी ग्रुपवर विचारलं, ‘तुमचं तसंच काहीतरी ना गं?’ कुणीच काही बोललं नाही. आईपण नाही. आई घरात टॉमला जावईबापू म्हणते, त्याच्यासाठी पुरणपोळी करते, तो तूप जास्त मागतो याचं कौतुक चार जणींना सांगते. पण सोसायटीतल्या हळदीकुंकवाला मी तिच्याबरोबर गेले तेव्हा एक बाई माझी ओटी भरायला पुढे झाल्या आणि दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी नुसतं तिळगूळ दिलं. मी ओटीबिटी मानत नाही. कॉलेजात त्यावर भाषण केलंय मी, विधवांना का बोलवत नाही म्हणून, माझ्या आईला कितीतरी वर्षं कुणी बोलावलं नव्हतं म्हणून. आणि त्या दिवशी मला ते तांदूळ आणि तो खण हवा होता, इतका हवा होता की मी चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले. टॉमला नाही सांगितलं. त्याला काय सांगू, की मला लग्न नको होतं आणि लग्न झालेली म्हणून मोजलं जायला हवं होतं?

म्हणून मला त्या मेसेजचा राग आला दादा, तुझा नाही. माझ्याकडे निदान पर्याय होता, मी निवडला, त्याची किंमत म्हणजे काही पौंड, काही महिने आणि एक खण. ज्या पोरांना तू सिव्हिल युनियन देऊ म्हणतोस त्यांना तू निवडायला नाही देत आहेस, बसायला एक वेगळी खोली देतोयस आणि किल्ली नंतर बघू म्हणतोयस. आपल्या सुप्रीम कोर्टातल्या दोन न्यायाधीशांनी २०२३ मध्ये तेवढं तरी मान्य केलं होतं, तिघांनी तेही नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचारही फेटाळला, तेव्हा सध्या ती खोलीही नाहीये हे मला कळतं. पण उद्या खरंच कुणी तुला असा मसुदा करायला बसवलंच तर कन्व्हर्शनचं कलम पहिल्या पानावर घाल, दोन्ही बाजूंनी, सगळ्यांसाठी, मागच्या तारखेने. आणि त्याआधी मामांना सांग की आमचं ते लिव्ह-इन नाहीये, काउन्सिल टॅक्सवर दोघांची नावं आहेत.