युकुलेलेला स्टीलची तार लावू नका हो!

डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

आज दुपारी वाद्यांच्या दुकानात गेले होते. नाव सांगणार नाही, परभणीत अशी दुकानं आहेत तरी किती. काउंटरवर एक आई आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं वाद्य, त्यातही छोट्या साइजचा, सोप्रानो; एक तार तुटलेली. आणि दुकानदार गिटारच्या स्टीलच्या तारांचं पाकीट फोडतोय! "ही टिकते ताई. नायलॉन म्हणजे निव्वळ दोरी."

माझ्या कानात एकदम तोच आवाज. फट्ट!

माझा पहिला युकुलेले असाच गेला. असंच एक दुकान, अशाच तारा. भर मे महिना, रात्री दोन वाजता फट्ट झालं. आम्हाला वाटलं माळ्यावरून काहीतरी पडलं. सकाळी बघते तर ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती पट्टी, लाकडाचा ढलपा घेऊन उखडलेला.

उखडणारच की! सोप्रानोच्या चार नायलॉन तारांचा ताण सगळा मिळून 15-20 किलो. स्टीलच्या गिटारवर सहा तारांचा 60-70 किलोच्या घरात. पापडासारख्या पातळ फळीवर नुसता चिकटवलेला तो ब्रिज, धरणार किती? आवाज मोठा येतो, कबूल. फट्ट व्हायच्या आधी दोन आठवडे मीही खूश होते. आणि तुणतुण्याला स्टीलची तार असते हेही माहितीये, नका सांगू. ते त्याच ताणासाठी घडवलेलं असतं. खरा घोळ आपल्या शब्दातच आहे, नायलॉनलाही आपण तारच म्हणतो.

पुढचं ऐका. "चौथी तार बारीक कशी? कंपनीची चूक आहे, जाड टाकतो." अहो, तीच तर गंमत! चार तारांचे सूर जी-सी-ई-ए, त्यातला जी, म्हणजे चौथी तार, सी आणि ई पेक्षा वरच्या सुरात असतो. त्या उलट्या सुरामुळेच युकुलेले असा खिदळतो. खालच्या जी ची जाड तार मिळते, मान्य, पण ती मुद्दाम मागून घ्यायची वस्तू आहे.

आई बिचारी म्हणाली, "मग घ्यायचं काय?" पाकिटावरचा साइज बघा: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर. बॅरिटोनचा सेट उचलू नका, त्याचे सूर डी-जी-बी-ई, वेगळेच. लहान बोटांना साधं नायलॉन मऊ पडतं. मी स्वतः फ्लुरोकार्बन लावते. मासे धरायच्या गळाला असते तीच जात, बारीक आणि पारदर्शक. नायलॉन हवामानाप्रमाणे रुसतं, आणि आपलं हवामान तुम्हाला माहितीच आहे.

पर्समध्ये माझा जादा सेट होता. तिथेच बसून लावून दिला. दुकानदारानं स्टूल दिलं, चहा मागवला, पाकिटाचा फोटोही काढून घेतला. आता इतकी चिडलेली नाही. महिन्याकाठी त्याच्याकडे युकुलेले येत असतील तरी किती. मी तर तेव्हा शिकलेली, कमावती बाई, तरी फट्ट होईपर्यंत मला तरी कुठे कळलं होतं?

पण एक सांगायचं राहिलंच. नव्या तारा चांगल्या आठवडाभर ताणत राहतात, सूर सारखा उतरतो. ती पोरगी आत्ता घरी रडत असेल, की काकूंनी खराब तारा लावल्या. वसमत रोडकडे राहतात म्हणाल्या, निळी बॅग होती. कुणाच्या ओळखीचे असतील तर एवढं सांगा: रोज सूर लावत राहा, तारा बदलू नका.