मेल उतरवून घेतले की सर्व्हरवरून पुसायचे, हे मला विचारलं होतं का?

सहा वर्षांचे मेल गेले. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली तेव्हा मी निर्धास्त होतो, मेल सर्व्हरवर असतीलच ना! फोनवरून लॉगिन केलं तर इनबॉक्समध्ये फक्त डिस्क बसल्यानंतर आलेले तीन मेल. बाबांनी पाठवलेले सगळे मेल त्यात होते. ते आता परत कोण लिहिणार?

कारण काय, तर खातं पॉप३ वर होतं, म्हणजे सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीवर. मेलचा प्रोग्राम सर्व्हरला जोडला जातो, एकेक मेल उतरवून घेतो, प्रत्येकावर 'पुसा' अशी खूण करतो आणि निरोप घेताच सर्व्हर ते कायमचे पुसून टाकतो. पॉपचा पहिला मसुदा १९८४ चा. तेव्हा माणसाचं एकच मशीन, सर्व्हरवर जागा थोडी, त्या काळी ते बरोबरच होतं. पण आज फोन, लॅपटॉप, ऑफिसचं मशीन सगळीकडे तेच मेल बघतो आपण! 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण असते, पण सेटिंगमध्ये कुठेतरी खोल दडवलेली. ती केली तरी एकीकडे वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेलाच दिसतो, कारण काय वाचलंय याची नोंद पॉप सर्व्हरवर ठेवतच नाही. फोल्डर नाहीत, पाठवलेले मेल नाहीत, फक्त इनबॉक्स.

आता सगळे सांगतात, पॉपऐवजी आयमॅप ही दुसरी पद्धत घे. घेतलं. मेल सर्व्हरवर राहतात, वाचल्याची खूण सगळीकडे दिसते, हे मान्य. पण फोनवर चुकून एक फोल्डर उडवलं की लॅपटॉपवरूनही गायब! म्हणजे हाही बॅकअप नाहीच. वर जागेची मर्यादा भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत, आणि 'पाठवलेले' नावाची वेगवेगळी तीन फोल्डर, कारण प्रत्येक प्रोग्राम आपलंच नाव लावतो.

मला राग या पद्धतींचा नाही, खातं जोडताना येणाऱ्या त्या सेटअपच्या खिडकीचा आहे. 'पॉप की आयमॅप?' एवढंच विचारते. खाली एक ओळ लिहायला काय जातं, की हे निवडलंत तर मेल सर्व्हरवरून पुसले जातील? हेल्पलाइनवाला म्हणतो, "सर, सेटिंग तुम्हीच निवडलंय." अहो, निवडलं कसलं! दोन अनोळखी शब्द समोर ठेवलेत, त्यातल्या पहिल्यावर क्लिक केलं मी!