फिकट अक्षरांची वकिली

"पांढऱ्यावर काळं लिहिलं की डोळे दुखतात, म्हणून मजकूर ग्रे ठेवा. कॉन्ट्रास्टचे नियम अंधांसाठी असतात. दोन रंग वेगळे असले की पुरे. नियम पाळले की ब्रँडचा रंग मरतो." आमच्या डिझायनर मंडळींत हा मेसेज फिरतोय. सोबत नमुन्याचा ग्रे, वेबवरचा त्याचा रंगाचा कोड ९९९९९९ (कोडमधला आकडा जितका मोठा तितका ग्रे फिकट).

डोळे दुखण्यात थोडं तथ्य आहे. पांढऱ्यावर शुद्ध काळ्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण, २१:१, काहींना ते बोचतं. मग ३३३३३३ घ्या, तरी १२.६ उरतं. नमुन्याचा ग्रे मात्र २.८५ वर येतो. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांच्या एए (मधल्या) पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतं. ७६७६७६ जेमतेम पास होतो, ७७७७७७ नापास. शिवाय आपली लिपी देवनागरी. फिकट बारीक अक्षरात अनुस्वार आधी गायब होतो आणि 'पंत' वाचायचे तिथे 'पत' उरते.

नियम अंधांसाठी? ज्याला अजिबात दिसत नाही तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्याला तुमच्या ग्रेशी काय देणंघेणं! ४.५ हा आकडा आला तो कमी दिसणाऱ्यांच्या हिशेबातून. सुमारे ८० वर्षांच्या माणसाची नजर साधारण २०/४० धरली, म्हणजे चांगल्या नजरेला ४० फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवरून दिसतं. आपल्याकडे डॉक्टर त्यालाच ६/१२ लिहितात. म्हणजे पेन्शनचं पान उघडून बसलेले गिरगावातले आजोबा. आणि तरुणांनीही भर दुपारी दादरच्या पुलावर तो ग्रे वाचून दाखवावा. ऊन अक्षरावर आणि मागच्या पांढऱ्यावर सारखीच भर घालतं, त्यामुळे मुळात तोकडं गुणोत्तर आणखी घसरतं. एसी ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर हे कळायचं नाही.

"रंग वेगळे असले की पुरे" हे तर साफ चूक. वेबवरच्या साध्या हिरव्यावर भडक लाल लिहा: १.२८. गुणोत्तर उजळपणाचं असतं, रंगाच्या नावाचं नव्हे. स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, अक्षरं जवळपास बुडतात.

राहिला ब्रँड. लोगोला हा नियम लागूच नाही. बटण केशरी हवं तर खुशाल ठेवा, अक्षरांचा रंग तेवढा बदला. वेबवर तिरंग्यासाठी सर्रास वापरतात त्या केशरीवर पांढरी अक्षरं २.१ देतात, काळी ९.९. काळी-पिवळीच्या पिवळ्या पाटीवरही नंबर काळाच असतो.