उतारावर गाडी बंद करून पेट्रोल वाचत नाही

"पेट्रोल वाचवा, महिन्याला हजार रुपये कमवा" असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. पहिल्या दोन वेळा मी वाचला आणि सोडून दिला. तिसऱ्या वेळी तो माझ्या भाच्याने वाचला आणि मनावर घेतला. आज त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणून आता प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतोय, आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी माझी विनंती आहे.

मेसेजमध्ये सहा गोष्टी आहेत. पेट्रोल सूर्योदयाच्या आत भरा, जास्त मिळतं. शंभरचं नको, एकशेदहाचं टाका, म्हणजे पंपवाल्याला माप मारता येत नाही. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो. टाकीत डांबर गोळी किंवा कापूर टाका, ॲव्हरेज वाढतं. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करा, "दहा किलोमीटर फुकट". आणि शेवटी, नव्या इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज निम्मं झालंय, म्हणून वरचे पाचही उपाय करायलाच हवेत.

पाचव्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्यांनी फार तर पैसे जातात, याने माणूस जातो.

भाचा पाटणचा, नोकरीला चिपळूणला. तिथे खोली घेऊन राहतो. पूर्वी बुधवारी आणि शनिवारी अशा दोन फेऱ्या व्हायच्या, आता फक्त शनिवारी येतो. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर पडतं, म्हणजे दोन लिटरच्या वर पेट्रोल. त्याच्या पगारात आठवड्याला वाचलेले दोनशे रुपये ही मोठी रक्कम आहे. त्याची आई म्हणते, पेट्रोलने पोरगं लांब नेलं. त्याने काटकसर करू नये असं मी म्हणतच नाही. २०२१ च्या मे अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, २०२२ च्या एप्रिलमध्ये ते १२० च्या वर गेलं, मग कर कमी झाले तसं थोडं उतरलं, पण शंभराच्या आत काही आलं नाही. टाकी फुल करणारी माणसं शंभर-शंभरचं टाकायला लागली ती तेव्हापासून. अशा माणसाला कुणी "दहा किलोमीटर फुकट" म्हटलं की तो करून बघणारच.

गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी तो मित्राला मागे बसवून चिपळूणला परत जाताना वाटेतला कुंभार्ली घाट उतरत होता. पाऊस नुकताच थांबलेला, वळणावळणाला धुकं. घाटमाथ्यावर त्याने गाडी न्यूट्रल केली, चावी बंद केली आणि सोडून दिली. पहिली काही मिनिटं मजेत गेली. त्याचा पाय मागच्या ब्रेकवर सतत दाबलेला होता, कारण गाडी अडवायला इंजिनची ओढ उरलीच नव्हती. मग जळल्याचा वास यायला लागला. मित्र म्हणाला, कुणाच्या तरी ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला पायब्रेक दाबला तर पेडल खाली गेलं, पण गाडी ऐकेना. घाबरून त्याने पुढचा ब्रेक आवळला आणि ओल्या खडीवर पुढचं चाक सरकलं. दोघं डोंगराकडच्या गटारात पडले. दुसऱ्या बाजूला दरी आहे, एवढंच इथे सांगतो. खालून वर येणारा ट्रकवाला थांबला, त्याने दोघांना उचललं आणि पहिलं वाक्य बोलला, "अरे, लाइट का नाही लावली?"

या प्रश्नाचं उत्तर त्या मेसेजमध्ये नाही. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो. नियमच आहे तसा, समोरच्याला दिसावं म्हणून. इंजिन बंद केलं की तो गेला. धुक्यात, घाटात, आवाज न करता आणि दिवा न लावता दोन माणसं खाली येत होती. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असते, चावी बंद केली की तीही कामातून जाते.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली तेव्हा मी समोर उभा होतो. त्याने मागचं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, माझ्या हातात दिला. लायनर खरखरीत असायला हवा. हा काचेसारखा गुळगुळीत झाला होता, चकाकत होता. ड्रमच्या आतली कड निळसर पडलेली. मेकॅनिकने नखाने लायनर खरवडून दाखवला आणि म्हणाला, "हा आता धरणारच नाही, नुसता घासत राहणार." गाडी गिअरमध्ये असते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे रेसची मूठ, सोडलं की इंजिन स्वतः चाकाला मागे ओढतं. घाटात अर्धं काम ते करतं, उरलेलं ब्रेकने करायचं असतं. इंजिन काढून घेतलं की सगळा भार दोन छोट्या लायनरवर येतो. ते तापतात, आणि एका मर्यादेपुढे तापले की पकड सोडतात.

आता मेसेजचा खरा दावा बघू, पेट्रोल वाचतं का? ११० सीसीची गाडी नुसती उभी राहून चालू ठेवली तर तासाला पाव लिटरच्या आत पेट्रोल खाते. घाट उतरायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. म्हणजे जास्तीत जास्त शंभर मिली. लिटरला १०५ रुपये धरले तर दहा रुपये. हा हिशोब न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवल्याचा झाला. गिअरमध्ये उतरलात तर तेवढेही जात नाहीत. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून इंजिनात सोडणारी यंत्रणा, आलं. अशा गाडीत गिअर टाकलेला असताना थ्रॉटल पूर्ण सोडलं, की चाकच इंजिनला फिरवत असतं. हे कळलं की बहुतेक गाड्यांत कंट्रोल युनिट इंजेक्टर बंद करतं आणि पेट्रोलचा थेंबही आत जात नाही. न्यूट्रल केली तर मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर फिरत राहायचं असतं, म्हणून पेट्रोल जातं. म्हणजे इंजिन चालू ठेवून उतारावर सर्वांत कमी पेट्रोल जी गाडी खाते, ती गिअरमध्ये असलेली गाडी. भाच्याची गाडी २०२१ ची आहे. त्याने हात मोडून घेतला आणि वाचवलं जवळपास काहीच नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढा. भाच्याची अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, कुणी उघडलीही नव्हती. त्यात लिहिलंय की लांब उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनच्या ओढीने वेग आवरा, दोन्ही ब्रेक थांबून थांबून वापरा, सतत दाबून धरले तर ब्रेक तापून निकामी होतात. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी हे छापून दिलंय. त्यासमोर नाव-गाव नसलेला मेसेज कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा.

आता नानांसाठी. हा मेसेज ग्रुपवर नानांनी टाकला आणि खाली लिहिलं, "आम्ही तीस वर्षं घाट असेच उतरलो." नाना, तुमचं खोटं नाही. तुमची राजदूत टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनला वेगळं ऑइल नव्हतं, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळून टाकायचो. थ्रॉटल बंद करून लांब उतार गिअरमध्ये उतरलं, की पेट्रोल कमी जायचं आणि त्याबरोबर ऑइलही. पिस्टन कोरडा पडून जाम व्हायची भीती असायची. म्हणून जाणते लोक क्लच दाबायचे, मधेच थ्रॉटल द्यायचे, काही जण न्यूट्रल करायचे. त्या गाडीसाठी त्यात तथ्य होतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंजिन बंद केल्यावर थोडं पेट्रोलही खरोखर वाचायचं. पण आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनच्या तळाशी वेगळं असतं आणि पंपाने वर चढतं, थ्रॉटलशी त्याचा संबंध नाही. राजदूतची सवय या गाडीला लावू नका, आणि पोरांना तर मुळीच सांगू नका. तेव्हा घाटात तासाला किती ट्रक लागायचे आणि आता किती लागतात, तेही तुम्हाला माहीत आहे.

बाकीचे मुद्दे लवकर उरकतो.

पहाटेचं पेट्रोल. पेट्रोल तापलं की फुगतं हे खरं, एका अंशाला लिटरमागे साधारण एक मिली. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत जेमतेम फरक पडतो. पाच अंशांचा फरक पडला असं उगाच धरलं तरी दोन लिटरमागे दहा मिली होतात, म्हणजे एक रुपया. त्यासाठी झोपमोड करून पंपावर कुणी जाऊ नये.

एकशेदहाचं पेट्रोल. इथे अर्धं खरं आहे ते मान्य करतो. पंपांवर चोरी होते. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले तेव्हा मशीनमध्ये चिप बसवून माप मारण्याचे प्रकार उघडकीला आले होते. पण अशी चिप दर लिटरमागे मारते. तुम्ही शंभर सांगा, एकशेदहा सांगा नाहीतर एकशेसदतीस सांगा, ती तेवढ्याच प्रमाणात मारणार. खरा उपाय म्हणजे शून्य बघून घेणं, आणि संशय आला तर पाच लिटरचं माप मागणं. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं ते माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. हे मागणारा माणूस मी आजवर क्वचितच पाहिला. एकशेदहाचं टाकणारे मात्र रोज दिसतात.

फुल टाकीचा स्फोट. हा मेसेज इंडियन ऑइलच्या नावाने फिरतो आणि इंडियन ऑइलनेच तो खोटा असल्याचा खुलासा केलाय. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत बारा महिने टाकी भरा. फक्त झाकणाला लागेपर्यंत गळ्यात ओतू नका.

डांबर गोळी आणि कापूर. पेट्रोलमध्ये विरघळतात, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. ॲव्हरेज वाढत नाही, उलट काजळी धरते. इंजेक्टरची भोकं केसासारखी असतात, ती बुजली तर हजारांचं बिल येतं.

इथेनॉलचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच लोकांना बाकीचा मेसेजही खरा वाटतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. ॲव्हरेज पडलं तसा लिटरचा भाव का उतरला नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो आपण सगळ्यांनी विचारायला हवा. इथेनॉल उसापासूनही बनतं आणि मी स्वतः ऊस लावणाऱ्या घरातला आहे, तरी विचारतो. पण "निम्मं झालं" हे धादांत खोटं आहे. तुमच्या गाडीचं निम्मं झालं असेल तर चेन, एअर फिल्टर, टायरची हवा आणि ब्रेक घासतोय का ते बघा. आणि पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तपासा, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीत पाणी गेलं की गाडी चालू व्हायला छळते.

भाच्याला मी काय सांगितलं ते लिहितो, कुणाला उपयोगी पडलं तर पडेल. हवा पंधरा दिवसांनी. पाटण ते हेळवाक सरळ रस्ता आहे, तिथे पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये चालव. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना कित्येक वर्षं हेच सांगतेय आणि ॲव्हरेजमध्ये सर्वांत मोठा फरक इथेच दिसतो. मागे बसणाऱ्या मित्राकडून निम्मे पैसे घे, लाजू नको. ज्या आठवड्यात जमेल त्या आठवड्यात एसटीने ये.

प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. मेकॅनिकने नवे लायनर टाकलेत. पहिल्या फेरीला कुंभार्ली मी त्याच्या मागे बसून उतरणार आहे. वळणांवर दुसरा, बाकी तिसरा गिअर, इंजिन आणि दिवा चालू.